पिक्चर ट्यूब आणि उजेडचोर

मालिकेतला खून नेमका कोणी केला यावरून आमच्या घरात कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा मला पटलं की आता टीव्हीचं काहीतरी केलंच पाहिजे. बायको म्हणत होती, खून दिराने केला. मुलगी म्हणत होती, वकिलाने. मी तर मेलेल्या माणसालाच जिना उतरून जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आई म्हणाली, "मला बाई काही दिसलंच नाही. सगळा नुसता अंधार." आणि भांडण विसरून आम्ही तिघांनीही माना डोलावल्या, कारण अंधार होताच. भर दुपारी बागेत चाललेलं प्रेमप्रकरणसुद्धा आमच्याकडे कोळशाच्या वखारीत चालल्यासारखं दिसायचं. नायिकेचे दात तेवढे दिसायचे. ती हसली की ती आहे हे कळायचं, आणि मालिकेत तिला हसायची फुरसत कोणी देत नव्हतं.

आता अशा वेळी लोक नवीन टीव्ही घेतात. माझ्या मेहुण्याने घेतला होता. भिंतीवर कॅलेंडरसारखा लटकवायचा. तो आला की आमच्या टीव्हीच्या भल्यामोठ्या ढेरीवर थाप मारून म्हणायचा, "भाऊजी, याला आता निवृत्ती द्या." हे वाक्य झालं की तो माझ्या बायकोकडे बघायचा आणि बायको छताकडे बघायची. ही नजरानजर मी लक्षात ठेवली होती. मी संशयी नाही, सावध आहे. विमा कंपनीच्या दावे विभागात काम करतो. माणूस मेला हे घरच्यांनी, दारच्यांनी आणि डॉक्टरने सांगितलं तरी मी आधी विचारतो, कशावरून? एवढ्या नोकरीनंतर हा प्रश्न घरीही तोंडातून निघून जातो. परवा बायको म्हणाली, दूध नासलं, तर मी...पण ते जाऊ दे.

आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त गृहस्थ राहतात. कुठलाही विषय काढा, ते "माझा अनुभव असा आहे" म्हणून सुरुवात करतात. त्यांना सगळी इमारत अनुभवी म्हणते, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि ते ती पदवी म्हणून स्वीकारतात. त्यांनी टीव्हीसमोर उभं राहून डोळे बारीक केले आणि निदान केलं.

"पिक्चर ट्यूब वीक झालीय. बूस्ट करून घ्या. पण दुकानात नेऊ देऊ नका. माझा अनुभव असा आहे की हे लोक आतली चांगली ट्यूब काढून घेतात."

"पण आमची चांगली नाहीच आहे."

"मग तर जास्त धोका. हिच्याहून वाईट कुठून तरी आणून बसवतील आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही."

हे बिनतोड होतं. त्यामुळे मेकॅनिक आला तेव्हा मी त्याला दारातच सांगितलं की काम इथेच होईल आणि माझ्या डोळ्यांदेखत होईल. शिवाय ट्यूबवर माझी सही असेल.

"सही?" मेकॅनिक म्हणाला.

"ओळख पटावी म्हणून." मी मुलीची नेलपॉलिशची बाटली पुढे केली. त्याने मागचं झाकण काढलं होतं आणि मी वाकून हात आत घातलाच होता, तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.

"साहेब, बंद असला तरी हा झटका देतो. आधी मला त्यातला करंट काढू द्या, मग काय आत्मचरित्र लिहायचं ते लिहा."

त्याने तो काढला. मी ट्यूबच्या काठावर लाल गुलाबी रंगात झोकात सही केली. तेवढ्यात बायको पाणी घेऊन आली, नवऱ्याला हातात नेलपॉलिशचा ब्रश घेऊन टीव्हीच्या पाठीमागे बसलेला पाहिलं, पाणी ठेवलं आणि काही न विचारता परत गेली. माझ्या मते निरपराध माणसाने विचारलं असतं.

मेकॅनिकजवळ एक लोखंडी डबा होता. त्यावर एक काटा, दोन बटणं. डब्याची वायर त्याने ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेला लावली. काटा लाल पट्ट्यात गपगार पडून राहिला. "बघा, जीव नाही," तो म्हणाला. मग त्याने बटण दाबलं. मानेच्या आतला नारिंगी ठिपका पेटत पेटत पिवळा झाला, आत चट् असा आवाज झाला, मी सोफ्याच्या मागे गेलो, आणि काटा आळोखेपिळोखे देत उठून हिरव्या पट्ट्यात जाऊन बसला.

"म्हातारी आहे ट्यूब," मेकॅनिक झाकण लावत म्हणाला. "जोर आणता येतो, तरुण करता येत नाही."

पण चित्र उमटलं आणि आम्ही सगळे खुळ्यासारखे बघतच राहिलो. खून झालेल्या घराला खिडक्या होत्या! नायिकेच्या साडीला काठ होते! वकिलाने मिशा रंगवल्या होत्या आणि दीर व वकील हे दोन वेगवेगळे नट होते, ही गोष्ट आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. चित्राखालून बातम्यांची अक्षरं सरकत होती. मुलगी ओरडली, "आजी, खाली बघ, चक्क वाचता येतंय! वाच ना, वाच ना."

"चष्मा आत राहिला वाटतं," म्हणत आई उठली आणि आत गेली. आईला आनंदाच्या प्रसंगी एकटीने रडायची सवय आहे असं मला वाटलं. मी मेकॅनिकला निरोप दिला आणि जिन्यात भेटेल त्याला घरी नेऊन उजेड दाखवला.

हा उजेड आठवडाभरसुद्धा टिकला नाही. एका संध्याकाळी मी कामावरून आलो, टीव्ही लावला, आणि पुन्हा कोळशाची वखार.

मी तडक अनुभवींकडे गेलो. मेकॅनिकवर माझा संशय होताच, पण अनुभवी म्हणाले, "घाई नको. माझा अनुभव असा आहे की दोष विजेचा असतो. व्होल्टेज कमी येत असणार. रीतसर तक्रार करा."

वीज कार्यालयातल्या खिडकीमागे एक बाई टिफिनचा डबा पुसत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "घरातले दिवे लागतात?"

"लागतात."

"पंखा फिरतो?"

"फिरतो."

"मग तक्रार काय?"

"टीव्हीत अंधार आहे."

"आम्ही घरातला अंधार बघतो," बाई म्हणाल्या. "टीव्हीतला नाही." आणि त्यांनी मला पलीकडच्या टेबलाकडे पाठवलं. पलीकडचं टेबल रजेवर होतं. त्याच्या शेजारच्या टेबलाने सांगितलं, तक्रार पंख्याची नोंदवा. पंख्याची तक्रार लगेच घेतली जाते. मी म्हटलं, पंखा उत्तम फिरतो. तो म्हणाला, "एवढा हट्ट असेल तर तुमचं काम कसं होणार?" शेवटी मी पंख्यावर खोटा आळ घेतला आणि निरीक्षक घरी आले.

निरीक्षक बारीक, अबोल आणि वासावर चालणारे होते. त्यांनी मीटर वाजवून पाहिला. कपाटामागे डोकावले. बाथरूममधला गीझर चालूबंद करून पाहिला. मग माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "माझ्या सगळ्या नोकरीत आजवर कोणी आपणहून मला घरी बोलावलेलं नाही. तुम्ही का बोलावलंत?"

"व्होल्टेज कमी म्हणून."

"व्होल्टेज चोख आहे. पंखाही चोख आहे. मग कारण काय?" त्यांनी मीटरवरचं सील पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं. "काय आहे, काही लोक आधी तक्रार करतात, म्हणजे नंतर काही सापडलं तर म्हणता येतं, मीच तर बोलावलं होतं."

आयुष्यभर ज्या नजरेने मी लोकांच्या घरातल्या जळक्या गाद्या आणि फुटके नळ पाहिले, ती नजर आज माझ्याच गीझरवरून फिरत होती. बरं, नजर पक्की जाणकार होती, त्यामुळे अपमान जास्त लागला. दारात उभे राहून अनुभवी सगळं पाहत होते. निरीक्षक गेल्यावर म्हणाले, "माझा अनुभव असा आहे की यांना घरी बोलावू नये."

मग मेकॅनिकची पाळी आली. तो आला तेव्हा मी तयारीत होतो. अनुभवींना साक्षीला बसवलं होतं. "झाकण काढा," मी म्हटलं. "माझी सही दाखवा."

सही जिथल्या तिथे होती. नेलपॉलिश जरासुद्धा उडालं नव्हतं.

"सही राहू दे," मी म्हटलं, "उजेड कुठे आहे?"

मेकॅनिकने टीव्हीच्या पुढच्या बाजूची, पडद्याखालची छोटी झडप उघडली. आत बारीक चकत्यांची रांग होती. त्यातली एक त्याने अंगठ्याने फिरवली. नायिका, साडी, काठ, खिडक्या, वकिलाच्या मिशा, सगळं लखकन उजळलं.

"कोणीतरी ब्राइटनेस शून्यावर आणलाय," तो म्हणाला. "ट्यूब ठणठणीत आहे. पुढच्या वेळी झडप उघडायला मला बोलावू नका, साहेब. तुम्हाला जमेल."

अनुभवी सोफ्यावरून उठले आणि पायात चपला सरकवत म्हणाले, "मला वाटलंच होतं." त्यांना वाटलं होतं हे मी त्यांना कधीही माफ करणार नाही.

म्हणजे चोर घरातलाच. मी जेवताना विषय काढला. अगदी सहज, दावे विभागात काढतो तसा. "झडपेला कोणी हात लावला होता का?" मुलगी म्हणाली, "तिथे झडप आहे?" बायको म्हणाली, "मला उद्योग नाहीत का?" आईने फक्त पाण्याचा ग्लास चाचपला आणि म्हणाली, "साफसफाई करताना फिरलं असेल." मी सर्वांचे चेहरे पाहून घेतले. मुलीचा चेहरा मोबाइलच्या उजेडात होता, त्यामुळे विश्वसनीय वाटला. उरली बायको.

दोन दिवसांनी पुन्हा अंधार. मी चकती फिरवली. पुन्हा अंधार. आता मला सगळं लख्ख दिसू लागलं, टीव्ही सोडून. मेहुण्याचं ढेरीवर थाप मारणं. बायकोचं छताकडे बघणं. नेलपॉलिश पाहून न विचारणं. म्हातारी ट्यूब मुद्दाम मेलेली दाखवायची, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडराचा रस्ता मोकळा. अशा केसेस माझ्या टेबलावरून रोज जातात. फक्त त्यात टीव्हीऐवजी काका असतो.

"हे तुझ्या भावाच्या सांगण्यावरून चाललंय ना?" मी विचारलं.

बायको पोळपाट धूत होती. "काय?"

"उजेड कमी करणं. सरळ कबूल कर, मी रागावणार नाही."

तिने पोळपाट उभा करून ठेवला. हात पुसले. "अहो, मला नवा टीव्ही हवा असता तर मी तोंडाने मागितला असता. इतकी वर्षं जे हवं ते मागितलंय आणि तुम्ही नाही म्हणालात. त्यात लपवाछपवी कशाला करू?" एवढं बोलून ती स्वयंपाकघराचं दार लावून आत राहिली. त्या रात्री मुलीने माझं ताट वाढलं. भाजी होती, पण तिच्यात प्रेम नव्हतं.

संशयिताने गुन्हा नाकारला की पुरावा लागतो. मी दुपारनंतरची रजा घेतली, आवाज न करता कुलूप उघडलं आणि गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे जाऊन उभा राहिलो. तिथून टीव्ही सरळ दिसत होता. बायको बाजारात गेली होती, मुलगी कॉलेजात. चादर ओली होती आणि वाऱ्याने वारंवार माझं तोंड पुसत होती. विमा क्षेत्रात माझ्या वयाची माणसं शाखाप्रमुख झाली आहेत हा विचार मनात आला, तो मी दाबला.

आतल्या खोलीतून आई आली.

आता दुपारची वामकुक्षी सोडून ही इकडे कशाला, असं मनात येतंय तोवर ती टीव्हीपाशी आली. तिने हात पुढे केला. हात टीव्हीवरच्या फुलदाणीला लागला. फुलदाणी हलली, तिने ती दोन्ही हातांनी धरली, स्थिर केली, मग बोटं टीव्हीच्या कडेवरून खाली नेली, पडद्यावरून सरकवली, झडप शोधली. झडप उघडून चकत्या एक एक करत चाचपल्या. हवी ती सापडल्यावर तिने ती पार खाली फिरवली. हे सगळं करताना ती टीव्हीकडे बघतच नव्हती. मान वर करून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून, गाणं ऐकत असल्यासारखी उभी होती.

मी चादर बाजूला करून आत आलो आणि टीव्हीच्या बाजूला, गॅलरीकडे तोंड करून उभा राहिलो.

"कोण आहे?" आईने माझ्याकडे बघत विचारलं. अगदी सरळ माझ्याकडे बघत.

हात पुढे केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता, एवढ्या अंतरावर मी उभा होतो.

"आई, मी."

"तू होय. एवढ्या लवकर कसा आलास?"

"तू मला ओळखलं नाहीस?"

"उजेडाला पाठ करून उभा आहेस. चेहऱ्यावर सावली पडते."

"आई, उजेड माझ्या तोंडावर आहे."

ती खुर्ची चाचपत बसली. मीही बसलो. चोर रंगेहाथ सापडला होता, त्यामुळे 'कशावरून' विचारायचं कारण उरलं नव्हतं. मी दुसराच प्रश्न विचारला. "का?"

"टीव्ही अंधुक होता तेव्हा बरं होतं रे," आई म्हणाली. "तुम्ही सगळेच विचारायचात, हा कोण, ती कोण. मीही विचारायची. कुणाला काही वाटायचं नाही. मग तू तो उजळवलास. तुम्ही सगळे बघायला लागलात आणि मी एकटीच मागे राहिले. पोरगी म्हणते, आजी वाच. काय वाचू? मला तिथे धूर दिसतो."

"मग सांगायचंस ना. डॉक्टर आहेत, ऑपरेशन आहे..."

"तेच. सांगितलं की आधी हातातली सुरी काढून घेतात. मग गॅसपाशी जाऊ देत नाहीत. मग एकटीला जिना उतरू देत नाहीत. मग आणून खुर्चीत बसवतात, म्हणे आराम करा, टीव्ही बघा." ती जरा हसली. "मी म्हटलं, निदान टीव्ही तरी सगळ्यांना सारखा दिसू दे."

माझ्या हाताखालून शेकडो दावे गेले असतील. त्यात खोटे आजार पाहिले, खोट्या जखमा पाहिल्या. खरा आजार लपवायला कोणी अख्ख्या घराला आंधळं केल्याचं प्रकरण माझ्यासमोर कधी आलं नव्हतं. आणि मी शोधत काय होतो, तर चकती कोण फिरवतं. चष्मा आत राहिला, ग्लास चाचपला, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू चांगलाच पिकल्याचं सांगितलं. आईने ऑपरेशनला एका अटीवर होकार दिला: घरी आल्यावर सुरीला कोणी हात लावायचा नाही. बायकोने ती अट मान्य केली, माझ्याकडे न बघता. माझ्याशी ती अजूनही गरजेपुरतंच बोलत होती. "सरका" आणि "फोन वाजतोय" एवढंच. अनुभवी दवाखान्यात आले. डॉक्टरांना त्यांचा अनुभव कसा आहे ते सांगू लागले तेव्हा डॉक्टरांनी त्यांचाही डोळा तपासायला घेतला, आणि ते पुन्हा दिसले नाहीत.

आई घरी आली ती एका डोळ्यावर पट्टी लावून. ऑपरेशन छान झालं होतं, सकाळी पट्टी निघायची होती. त्या संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. खुनाचा निकाल लागायचा होता. मी चकती शेवटापर्यंत फिरवलेली होती. न्यायाधीश आत आले, सगळे उठून उभे राहिले, आणि त्याच क्षणी चित्र आक्रसून एक आडवी रेघ झालं, रेघेचा ठिपका झाला, आणि ठिपकाही गेला. आवाज मात्र चालूच.

"झालं!" मुलगी किंचाळली. "आत्ताच जायचं होतं?"

मी झडपेकडे धावलो. मग ढेरीवर थाप मारली. मेहुण्यासारखीच, हे नंतर लक्षात आलं. म्हातारीतला सगळा जोर संपला होता.

"ओरडता कशाला?" आई म्हणाली. "बसा खाली. आवाज आहे ना?"

आम्ही बसलो. काळ्या पडद्यासमोर चौघं.

"आता वकील उठला," आई सांगू लागली. "त्याचे बूट करकरतात, दिराचे नाही. तो चालत तिच्यापाशी आला. बघ, थांबला. आता तिच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे हात जोडले तिने."

टीव्हीतली बाई हुंदके देऊ लागली. पाठीमागे व्हायोलिन सुरू झालं.

"आता ती रडतेय," मुलगी म्हणाली.

"खोटं रडतेय," आई म्हणाली. "खून हिनेच केलाय."

"कशावरून?" मी विचारलं. निघून गेलं तोंडातून.

"खरं रडणारं माणूस नाक ओढतं. आवाज होऊ नये म्हणून तोंड दाबतं, मग नाक ओढावं लागतं." आईने पट्टी नीट केली. "त्या दिवशी तू हिला उजेडचोर ठरवलंस ना, तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून ही बराच वेळ नाक ओढत होती. मी इथेच बसले होते. खरं म्हणजे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

टीव्हीत कोणीतरी गुन्हा कबूल करत होतं. आम्ही कोणीच ऐकत नव्हतो.

"मला सर्दी झाली होती," बायको म्हणाली.

कशावरून, असं मी या वेळी विचारलं नाही. उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि चहाचं आधण ठेवलं. साखर कुठल्या डब्यात असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची ती वेळ नव्हती. मी एकेक डबा उघडून चाखून बघत राहिलो.